फॅक्स मोडेम कनेक्ट होत नव्हता, नाशिकमधल्या एमजी रोडच्या रिपेअरवाल्या काकांकडचा अनुभव

मी सहसा दुकानांबद्दल लिहीत नाही, पण या काकांबद्दल लिहायचंच असं त्या दिवशी अंबडहून घरी येतानाच ठरवलं होतं, कारण मला दीड महिना जे कोणी सांगितलं नाही ते त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं.

आमचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे, एक्सलो पॉइंटपासून आतल्या बाजूला. सासऱ्यांनी १९८९ ला एका लेथवर चालू केलेलं, आता मशीनचं हे आणि दीर बघतात आणि ऑर्डर, बिलं, जीएसटी, बँक माझ्याकडे. जपानमधल्या एका गिऱ्हाइकाला आमचे बुश आणि पिना (मशीनचे छोटे पार्ट) जातात, आणि ती मंडळी आजही ऑर्डर फॅक्सनेच पाठवतात, खाली लाल शिक्का मारून. रेट, डिलिव्हरी सगळं ईमेलवर ठरतं पण ऑर्डर म्हणजे शिक्क्याचा कागद, आणि आपणही त्याच कागदावर सही करून फॅक्सनेच परत पाठवायचा, ड्रॉइंगमध्ये बदल असला तर तोही तसाच येतो. ओळखीतले लोक म्हणतात अजून फॅक्स कसला वापरता, पण त्या एका कागदावर आमच्याकडच्या चार माणसांचे पगार निघतात त्यामुळे मला तो कागद वेळेवर यायलाच हवा.

पूर्वी फॅक्स मशीन होतं, थर्मल रोलवालं. त्याचे जुने कागद आज काढले तर निम्मे कोरे झालेत, ड्रॉइंगवरचे आकडे उडून गेलेत. म्हणून मग कॉम्प्युटरला यूएसबी फॅक्स मोडेम लावला, आलेला फॅक्स थेट फाइल म्हणून सेव्ह होतो आणि हवा तेव्हा प्रिंट काढता येतो. कित्येक वर्षं विनातक्रार चालला.

जूनमध्ये टेलिफोनवाल्यांनी तांब्याची लाइन काढून फायबर दिलं (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही). ०२५३ वाला नंबर तोच राहिला, फोनचा आवाज आधीपेक्षा स्वच्छ, नेट फास्ट, सगळे खूश. आणि त्याच आठवड्यात मोडेम बंद. पाठवायला गेलं की स्क्रीनवर नो डायल टोन, म्हणजे फोन उचलल्यावर येतो तो टोन मिळत नाही, आणि तिकडून ईमेल की तुमचा फॅक्स उचलत नाही. मी ड्रायव्हर काढून परत टाकला, दोनदा टाकला, कॉम्प्युटर बंद चालू केला, केबल बदलली, यूएसबीचं पोर्ट बदललं (हे शेवटचं चांगलंच महागात पडलं, पुढे सांगते). एका दुकानात म्हणाले फॅक्स वगैरे आता फेकून द्या ताई. दुसऱ्याने नवीन मोडेम घ्यायला लावला, मी घेतला, त्यावरही तेच नो डायल टोन. आता माझ्याकडे दोन मोडेम आणि कनेक्शन एकावरही नाही. कंपनीच्या कॉल सेंटरला फॅक्स म्हणलं तर पलीकडचा मुलगा तीनदा विचारतो फास्ट का मॅडम, नेट स्लो आहे का.

दिरांच्या मित्राने या दुकानाचा पत्ता दिला. एमजी रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि अंधारा. वर गेलं की एक टेबल, त्यावर उघडे सीपीयू, मागे फळीवर जुने मदरबोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात लावून ठेवलेले आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने मराठीत लिहिलेलं. काका साठीच्या पुढचे असतील. मी पिशवीतून दोन्ही मोडेम काढले तर हात न लावता आधी प्रश्नच विचारायला लागले. पाठवताना अडतं का घेताना? नंबर फिरवतो तरी का, का त्याच्या आधीच थांबतो? कधीपासून? आणि त्या दिवशी ऑफिसमध्ये अजून काय काय बदललं? मी म्हणलं फायबर आलं. म्हणाले, "ताई, दोन मोडेम एकाच दिवशी एकाच कारणाने मरत नसतात. दोष मोडेममध्ये नाही, त्याच्या आधी आहे."

मग त्यांनी ते करूनही दाखवलं. दुकानात त्यांनी अजून तांब्याची लाइन ठेवलीय, तिला माझा जुना मोडेम लावला, एक पान शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या फॅक्सला पाठवलं आणि ते गेलं. दीड महिन्यात पहिल्यांदा मी तो मोडेमचा कर्कश आवाज ऐकला, खरंच इतकं बरं वाटलं. नवा मोडेमही लावून बघितला, तोही चालला. म्हणजे नव्याचे पैसे उगाच गेले होते, पण निदान कळलं तरी.

त्यांचं म्हणणं असं की अशा वेळी सुरुवात कायम भिंतीपासून करायची. भिंतीच्या सॉकेटला साधा फोन लावून टोन ऐकायचा, मग वायर, मग मोडेम, मग पोर्ट, मग सॉफ्टवेअर, या क्रमाने, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एका दुपारी चार गोष्टी बदलल्या होत्या त्यामुळे कशाने काय झालं हे मलाच सांगता येईना. डायल-अप इंटरनेटच्या, म्हणजे मोडेमने फोन लावून नेट चालायचं त्या काळात ते हेच काम करायचे, विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट चालू केलं तेव्हापासूनचे मोडेम त्यांनी हाताळलेत, आणि त्या वेळचे एरर नंबर अजून तोंडपाठ. ६८० म्हणजे टोन नाही, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही, ६९१ म्हणजे नाव नाहीतर पासवर्ड चुकलाय, "६९१ वाला माणूस आला की मी आधी कॅप्स लॉक बघायचो." माझ्या मोडेमच्या खोक्यावर ५६ के लिहिलंय म्हणून मला वाटायचं फॅक्सही त्याच स्पीडने जातो, तर तसं नाहीये. ५६ के ही नेट उतरवून घ्यायची वरची मर्यादा, तीही पलीकडची बाजू पूर्ण डिजिटल असेल तरच, आपल्याकडून जाताना व्ही ९० या मोडेमच्या पद्धतीत ३३.६ के च. आणि फॅक्स नेहमीच्या पद्धतीत १४,४०० च्या, म्हणजे १४.४ के च्या वर जात नाही.

लाइन बघायला शनिवारी वर्कशॉपवर येतो म्हणाले आणि सोमवारी आले. मधे फोन नाही, मेसेज नाही. हे मला आवडलं नाही आणि तसं मी त्यांना सांगितलंही. ते पंचवटीत राहतात, गंगेला (गोदावरीला) पूर आला होता, होळकर पुलावर गाड्या अडकल्या होत्या वगैरे सगळं खरं असेल, पण एक फोन करता आला असता.

आल्यावर मात्र साडेतीन तास हलले नाहीत. पिशवीतून एक साधा फोनचा डबा काढला आणि मोडेमच्या वायरच्या टोकाला लावून मला कानाला दिला. टोन होता. पण नीट ऐकल्यावर कळलं की तो सलग नाहीये, सुरुवातीला तुटक तुटक येतो आणि मग सरळ होतो. लाइनवर व्हॉइस मेसेजची सोय आपोआप चालू झाली होती आणि कोणाचा तरी मेसेज न ऐकता पडून होता, त्याची ती खूण. माणसाला फरक पडत नाही, पण मोडेम ठरलेला सलग टोन शोधत बसतो आणि नाही मिळाला की सरळ सांगतो टोन नाही. शिवाय मागे बारीक घूंऽऽ असा आवाज. तो कुठून येतो ते बघायला काका वायर हातात धरून भिंतीच्या कडेने चालत गेले आणि सीएनसी मशीनच्या मागे थांबले. फायबर बसवायला आलेल्या मुलांनी फोनची वायर थ्री फेजच्या केबललाच प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधली होती, चांगली बारा-पंधरा फूट. पुढे एका जॉइंटला वायरी नुसत्या पिळून वर टेप. आणि मोडेमच्या टोकाच्या प्लगची क्लिप तुटलेली, सेलोटेपने धरलेली, ती आमचीच करामत, मला आठवतंय कधीतरी मीच लावली होती ती टेप.

काकांनी वायर तिथून काढून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेली, जॉइंट कापून एकसलग तुकडा टाकला आणि नवीन प्लग बसवला. हे जवळून बघितलं म्हणून सांगते. वायरचं वरचं साल जेमतेम अर्धा सेंटीमीटर सोललं, आतल्या दोन वायरी नखाने सरळ करून प्लगमध्ये सरकवल्या, प्लग खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही टोकं अगदी पुढपर्यंत पोचली का ते बघितलं आणि मगच पक्कड दाबली. नंतर हलकासा ओढून बघितला. पहिला त्यांच्या मनासारखा झाला नाही, कापून टाकला आणि दुसरा केला. घूं गेली.

आता कॉम्प्युटर. पूर्वी विंडोजमध्ये हायपरटर्मिनल असायचं ते व्हिस्टापासून काढून टाकलंय, म्हणून पुटी नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मोडेमशी थेट बोलायला सुरुवात केली. काळ्या स्क्रीनवर एटी टाइप करून एंटर मारायचं, मोडेम जिवंत असेल तर ओके म्हणतो. इथे काही उत्तरच येईना, आणि कारण मी बदललेलं ते यूएसबी पोर्ट. पोर्ट बदलल्यावर विंडोजने मोडेमला कॉम ३ ऐवजी कॉम ७ नंबर दिला होता, पण फॅक्सचं सॉफ्टवेअर अजून कॉम ३ वरच हाका मारत होतं, म्हणजे मागचे बरेच दिवस मी जे काही करत होते ते मोडेमपर्यंत पोचतच नव्हतं. कॉम ७ ला लावल्याबरोबर ओके आलं. मग त्यांनी एटी एक्स ३ दिलं, याचा अर्थ टोनची वाट बघू नको, दोन सेकंद थांब आणि सरळ नंबर फिरव. आणि फिरवला! तीच कमांड सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या कमांडमध्ये टाकून ठेवली म्हणजे दरवेळी द्यायला नको, शिवाय पडून असलेला मेसेज ऐकून व्हॉइस मेसेजची सोयच बंद करायला लावली. कॉल वेटिंगही बंद, कारण मधेच त्याची पीं वाजली की फॅक्स तुटू शकतो.

जाणारे फॅक्स मार्गी लागले, पण येणारे का येत नाहीत हे कोडं सुटलं ते वॉचमन मामांमुळे. मामा चहा द्यायला आत आले, त्यांनी मोडेमचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "अहो हीच शिट्टी. रोज पहाटे कोणीतरी फोन करून हीच शिट्टी वाजवतं, मी हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो." काकांनी लगेच विचारलं, शिट्टी सारखी का थांबून थांबून? मामा म्हणाले थांबून थांबून, तीन-तीन सेकंदांनी. फॅक्स पाठवणारं मशीन अशीच हाक मारतं, अर्धा सेकंद आवाज, मग तीन सेकंद गप्प. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, आणि त्यांचं ऑफिस उघडल्याबरोबर ते पहिला फॅक्स आम्हाला करतात. गेटवरच्या केबिनमधला फोन याच लाइनवर आहे. पूर्वी दुसऱ्या रिंगला मोडेम उचलायचा म्हणून मामांवर फोन उचलायची वेळच यायची नाही, आता मोडेम उचलत नाही म्हटल्यावर मामा आपली ड्युटी समजून उचलायचे. दीड महिना त्या माणसाने रोज पहाटे इमानदारीने फोन घेतला आणि आम्ही इकडे ईमेलवर माफी मागत होतो.

मला वाटलं कॉम ७ झालं म्हणजे हेही आपोआप सुटेल, पण काकांनी यूएसबीचं अजून एक सेटिंग बघितलं. वीज वाचवायला म्हणून विंडोज बराच वेळ न वापरलेला यूएसबीचा डबा झोपवू शकतो, आणि मोडेम झोपला की रिंगला उठेलच याची खात्री नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिथली खूण काढली, कॉम्प्युटरचं स्लीप बंद केलं, स्क्रीन बंद झाली तरी चालेल म्हणाले. केबिनचा फोन या लाइनवरून काढलाच, मामांना काय मोबाइल आहे.

एवढं झाल्यावरही दोन पानांचा फॅक्स दुसऱ्या पानावर तुटायचा, आणि हा भाग खरा फायबरचा. काकांनी मोडेमचा स्पीकर चालू ठेवला आणि डोळे मिटून ऐकत बसले, सुरुवातीची बोलणी नीट होतायत, पान चालू होतंय, मग मधेच पलीकडचा गप्प. त्यांनी समजावलं ते असं, फायबरवर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पाकिटांसारखे पाठवतात, एखादं पाकीट उशिरा आलं किंवा हरवलं तर माणूस अर्धा शब्द ऐकून पुढचा ओळखतो, मोडेमला ते जमत नाही. त्यात बँडविड्थ वाचवायला आवाज दाबून पाठवला असेल, जी ७२९ पद्धतीने, तर फॅक्स जवळजवळ गेलाच समजायचं. लाइन जी ७११ वर हवी, त्यात आवाज तसा दाबत नाहीत, आणि कंपनीकडे असेल तर टी ३८ चालू करून घ्यायचं, ते खास फॅक्ससाठीच आहे. या दोन ओळी त्यांनी मला चिठ्ठीवर लिहून दिल्या, म्हणाले कॉल सेंटरला फॅक्स हा शब्दच काढू नका, टेक्निकलचा माणूस मागा आणि हे वाचून दाखवा. तसंच केलं. तिसऱ्या दिवशी एका समजूतदार मुलाचा फोन आला आणि जी ७११ झालं, टी ३८ त्यांच्याकडे मिळालं नाही.

आमच्या बाजूने काकांनी फॅक्सचा स्पीड १४,४०० वरून ९,६०० वर आणला. इथे त्यांचं एक म्हणणं मला फार पटलं. ईसीएम म्हणून एक सोय असते, पानाचा जो तुकडा खराब पोचला तो परत मागवते, आणि फायबरच्या लाइनवर बरेच जण ती बंद करा म्हणतात कारण परत मागवण्यातच वेळ जाऊन कॉल तुटतो. काका म्हणाले बंद केलं तर पान जाईल, पण मधली एखादी ओळ फाटेल, आणि तुमच्या ड्रॉइंगमध्ये त्या ओळीवर माप असलं तर? १२.०५ चं १२.५ वाचलं तर अख्खा लॉट भंगारात. म्हणून आधी फक्त स्पीड कमी करून बघू, ईसीएम राहू दे. आणि तेवढ्यावरच काम झालं. ड्रॉइंगच्या पानाला आता सव्वा-दीड मिनिट लागतं, पूर्वी एक मिनिटाच्या आत जायचं, पण जातं आणि पूर्ण जातं. माझ्यासाठी तेवढंच महत्त्वाचं आहे.

सगळे बदल त्यांनी आमच्या टेलिफोन डायरीच्या मागच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवले, आधी काय होतं आणि आता काय केलं. मी म्हणलं फोटो काढते, तर म्हणाले फोटो काढा पण हे पान मोडेमजवळच ठेवा, पुढच्या वेळी जो कोणी येईल त्याला लागेल.

पैसे एकूण १,३५० घेतले. त्यात येण्याचे ५००, वायर आणि प्लग वेगळे, बाकी मजुरी. कंपनीशी बोलणी झाल्यावर दोनदा मला फोनवर टेस्ट करायला लावलं त्याचे काही नाही. साडेतीन तासांच्या कामाला हे कमीच आहेत, आणि नवीन मोडेमला मी याच्या दुपटीहून जास्त घातले होते. तो मोडेम परत विकून द्याल का विचारलं तर म्हणाले राहू द्या, पावसाळ्यात स्पेअर असलेला बरा. तांब्याच्या लाइनवर विजा चमकल्या की मोडेम जळून यायचे, फायबर काचेचं असल्याने बाहेरून तो करंट येत नाही, पण विजेच्या बाजूने येऊ शकतो म्हणून अर्थिंगवाला बोर्ड घ्या असं सांगून गेले, घेतला.

तक्रारी आहेत. दिलेला दिवस पाळत नाहीत, त्याचा एक स्टार कमी. फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत. बिल साध्या कागदावर देतात, मला हिशोबाला नीट बिल लागतं ते दोनदा मागितल्यावर मिळालं. जिन्यात दिवा नाही, सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला एकटं पाठवू नका.

पण माणूस खरा आहे. मी दुकानात बसले होते तेव्हा एक मुलगा जुना लॅपटॉप घेऊन आला, त्यातला मोडेम चालू करून डायल-अप नेट लावायचं होतं, हौस म्हणून. दुसऱ्या कोणी पैसे घेऊन काहीतरी खटपट केली असती, काकांनी त्याला बसवून विचारलं की फोन कुठे करणार, पलीकडे उचलणारा कोणी आहे का, आणि नाही म्हणल्यावर एक रुपया न घेता परत पाठवलं. मलाही स्पष्ट सांगितलंय की फायबरवर फॅक्स म्हणजे तडजोड आहे, पुढे कंपनीने काही बदललं तर परत अडू शकतं, तेव्हा गिऱ्हाइकाला हळूहळू स्कॅन करून ईमेलवर यायची सवय लावा. मी त्या दृष्टीने एक पत्र पाठवलंय, फॅक्सने, पोचल्याचा शिक्का मारून कागद दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३४ ला आला, मामांच्या शिट्टीशिवाय.

जाणार असाल तर मोडेमबरोबर भिंतीपासून मोडेमपर्यंतची वायरही काढून न्या, काका ती आधी मागतात. स्क्रीनवर जो एरर येतो त्याचा फोटो काढा, "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं" म्हणलेलं त्यांना चालत नाही. गाडी लांब लावून चालत जा, गल्लीत टू व्हीलरलाही जागा नसते. संध्याकाळी पाचनंतर गेलात तर नक्की भेटतात.